कायदा हे हत्यार नव्हे

ब्रिटिश लष्करातील एक अतिज्येष्ठ सेनानी जनरल सर फ्रँक किटसन २ जानेवारी २०२४ रोजी वयाच्या ९७ व्या वर्षी निवर्तले. लष्करी विद्यालयांतून आणि सैनिकी वर्तुळांतून त्यांचे स्मरण बंडाळीविरुद्धच्या युद्धाचा एक मोठा अभ्यासक म्हणून झाले. पश्चिम बेलफास्टच्या कामगार वस्त्यांतून मात्र हेच नाव गेली पन्नास वर्षे वेगळ्या अर्थाने उच्चारले जात आहे. तेथील अनेक कुटुंबांच्या लेखी ते त्यांच्या घरातील मरणाशी आणि त्या मरणाविषयी पसरविल्या गेलेल्या असत्याशी जोडलेले आहे. एकाच माणसाच्या दोन इतक्या भिन्न स्मृती मागे राहतात, तेव्हा प्रश्न त्या माणसाच्या स्वभावापुरता उरत नाही. त्याला नेमणाऱ्या, त्याला पदके देणाऱ्या आणि त्याच्या शिकवणुकीचे पाठ बनविणाऱ्या राज्यसंस्थेचा तो प्रश्न होतो.

मृत व्यक्तीवर आग पाखडण्यात आम्हांला स्वारस्य नाही. किटसन धाडसी होते, बुद्धिमान होते, आपले म्हणणे स्वच्छ शब्दांत मांडण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. किंबहुना बाकीचे सेनानी जे मुकाट्याने करीत त्याला त्यांनी ग्रंथरूप दिले, हेच त्यांचे वैशिष्ट्य. पण सेनापती स्वतःला बढती देत नसतो. ती त्याला सरकार देते. म्हणून सेनापतीची कारकीर्द ही सरकारने आपल्या हाताने लिहिलेली कबुली असते. कोणत्या कामाला सन्मान मिळाला आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोणी मागितलेच नाही, हे तीत नोंदलेले असते. ती कबुली वाचणे लोकशाहीवर श्रद्धा असणाऱ्या कोणत्याही देशातील नागरिकाचे काम आहे.

किटसन यांचा जन्म १९२६ चा. वडील नौदलात व्हाइस-ॲडमिरल. मुलगा मात्र भूदलात गेला, रायफल ब्रिगेडमध्ये अधिकारी झाला आणि युद्धोत्तर जर्मनीत काही वर्षे काढल्यावर १९५३ साली गुप्तवार्ता अधिकारी म्हणून केनियात दाखल झाला. केनियात त्या वेळी ‘माऊ माऊ’चा उठाव चालू होता. उठावाचे मूळ जमिनीत होते. उंचावरील सुपीक प्रदेश गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी राखून ठेवलेला, आणि ज्या किकुयू शेतकऱ्यांची ती भूमी त्यांच्या वाट्याला मजुरी, अपुऱ्या राखीव वस्त्या आणि गळ्यात बाळगावयाची ओळखपत्रे. १९५२ च्या ऑक्टोबरात सरकारने आणीबाणी पुकारली. जमिनीचा प्रश्न असा पोलिसांचा आणि लष्कराचा प्रश्न बनविण्यात आला.

किटसन यांनी येथे जी युक्ती विकसित केली तिच्यामुळे त्यांचे नाव झाले. पकडलेल्या बंडखोरांपैकी काहींना फितवून आपल्या बाजूला वळवावयाचे, त्यांना पुन्हा बंडखोरांच्या वेषात जंगलात सोडावयाचे, त्यांच्याबरोबर तोंडाला काळे फासलेले गोरे अधिकारीही पाठवावयाचे, आणि खऱ्या टोळ्यांचा विश्वास संपादून त्यांचा नायनाट करावयाचा. तोतयाच्या बंडाची कथा मराठी वाचकाला अपरिचित नाही. येथे तोतया सरकारनेच उभा केला होता. या प्रयोगाबद्दल त्यांना १९५५ च्या आरंभी ‘मिलिटरी क्रॉस’ मिळाला आणि १९६० मध्ये त्यांनी त्यावर एक पुस्तकही लिहिले. लष्करी दृष्ट्या ही युक्ती फलदायी ठरली, यात शंका नाही. पण तिच्यात एक विष आहे. ज्या वस्तीत बंडखोर कोण आणि सरकारी माणूस कोण हे ओळखता येत नाही, तेथे झालेल्या प्रत्येक हत्येची जबाबदारी वाऱ्यावर सुटते. सरकारचा माणूस गणवेश उतरवितो तेव्हा तो आपली जबाबदारीही उतरवून ठेवतो.

केनियातील या लढ्याची दुसरी बाजू छळछावण्यांची होती. किटसन यांचे काम गुप्तवार्तेचे होते, छावण्यांचे नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु ज्या राजवटीसाठी ते लढत होते तिचे रूप काय होते? दहा लाखांहून अधिक किकुयूंना गावे सोडावयास लावून कुंपणबंद वस्त्यांत कोंडण्यात आले. १,०९० माणसे फाशी गेली. १९५७ साली केनियाच्या ॲटर्नी जनरलने गव्हर्नरला लिहिलेल्या एका पत्रात असा आशय होता की, पाप करावयाचेच असेल तर ते गाजावाजा न होऊ देता करावे. ३ मार्च १९५९ रोजी होला येथील छावणीत सक्तीच्या कामाला नकार देणाऱ्या अकरा बंद्यांना रक्षकांनी मरेपर्यंत बडविले आणि ते पाणी पिऊन मेले, असे सरकारने प्रथम जाहीर केले. पार्लमेंटात मजूर पक्षाने हा प्रश्न धसास लावलाच. पण हुजूर पक्षाच्या इनॉक पॉवेल यांनीही आपल्याच सरकारला बजावले की, आफ्रिकेत एक नीती, आशियात दुसरी आणि घरी तिसरी, असे ब्रिटनला करता येणार नाही. पुढे वर्णविद्वेषाचा पुरस्कर्ता म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या माणसालाही त्या दिवशी हे दिसले, यावरून अपराधाचे प्रमाण लक्षात यावे.

सत्य बाहेर येण्यास मात्र अर्धशतक जावे लागले. केनियातून हलविलेल्या सरकारी फाइली इंग्लंडमध्ये हॅन्स्लोप पार्क येथे दडवून ठेवलेल्या होत्या. न्यायालयात दावे उभे राहिले तेव्हा, २०११ साली, त्यांचे अस्तित्व मान्य करणे सरकारला भाग पडले. जून २०१३ मध्ये परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी छळ झाल्याचे पार्लमेंटात कबूल केले, खेद व्यक्त केला आणि ५,२२८ वृद्ध केनियन स्त्रीपुरुषांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड जाहीर केली. आणीबाणी पुकारली गेल्याला तेव्हा साठ वर्षे उलटून गेली होती.

केनियानंतर किटसन मलायात गेले आणि तेथे त्यांच्या पदकात भर पडली. ओमानच्या सुलतानाविरुद्ध जबल अख्दरच्या डोंगरात चाललेला उठाव मोडण्याच्या योजनेत त्यांचा हात होता. सायप्रसमध्येही त्यांनी काम केले. मावळत्या साम्राज्याच्या नकाशावर जेथे जेथे ठिणगी पडली तेथे तेथे हा अधिकारी आढळतो. १९६९–७० मध्ये लष्कराने त्यांना ऑक्सफर्डला अभ्यासासाठी पाठविले. या सर्व अनुभवांचे सार काढून त्यांनी जो ग्रंथ सिद्ध केला तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘लो इंटेन्सिटी ऑपरेशन्स’ हे त्याचे नाव. त्याला प्रस्तावना होती जनरल सर मायकेल कार्व्हर यांची, जे त्याच वर्षी भूदलाचे प्रमुख झाले. एखाद्या लहरी अधिकाऱ्याची ही खाजगी मते नव्हती, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

या ग्रंथातील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली गोष्ट व्याख्येची. राजवट पोखरण्याचे काम, ज्याला इंग्रजीत ‘सब्व्हर्शन’ म्हणतात, त्याची किटसन यांनी केलेली व्याख्या विलक्षण ऐसपैस आहे. देशातील एखाद्या गटाने सशस्त्र बळाखेरीज अन्य मार्गांनी सत्ताधाऱ्यांना उलथून टाकण्याचा, किंवा त्यांना जे करावयाचे नाही ते करावयास लावण्याचा प्रयत्न केला, तर तोही तीत मोडतो. संप, मोर्चे, प्रचार, राजकीय व आर्थिक दडपण ही त्याची साधने म्हणून सांगितली आहेत. आता क्षणभर विचार करावा. सत्ताधाऱ्यांना जे करावयाचे नसते ते त्यांना करावयास लावणे, हेच तर लोकशाहीतील जनआंदोलनाचे काम! आठ तासांचा दिवस कोणत्या कारखानदाराने स्वखुशीने दिला? मताचा हक्क कोणत्या राजाने आपण होऊन वाटला? ब्रिटनमधील कामगार चळवळीचा सगळा इतिहास, चार्टिस्टांपासून मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या स्त्रियांपर्यंत, या व्याख्येच्या जाळ्यात अलगद अडकतो.

आपल्या वाचकांना ही व्याख्या नवी वाटू नये. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूरची गिरणगावे पेटून उठली. तेव्हा सरकारने शहर लष्कराच्या हवाली केले आणि मार्शल लॉ पुकारला. तिरंगा लावणे हा तेथे अपराध ठरला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे फाशी गेले. किटसन तेव्हा चार वर्षांचे बालक होते. म्हणजे ही दृष्टी त्यांनी निर्माण केली नव्हती. साम्राज्याच्या परंपरेतून ती त्यांच्याकडे आली होती. त्यांनी तिला शास्त्राची भाषा दिली.

दुसरी गोष्ट कायद्याची. किटसन सांगतात की, बंडाळीच्या काळात सरकारपुढे कायद्याच्या वापराचे दोन मार्ग असतात. एक, कायद्याला सरकारच्या शस्त्रागारातील आणखी एक हत्यार मानावयाचे आणि नकोशा माणसांचा निकाल लावताना तोंडदेखले आवरण म्हणून त्याचा उपयोग करावयाचा. दुसरा, न्यायसंस्थेला निःपक्षपातीपणे काम करू द्यावयाचे. त्यांच्यावर टीका करणारे बहुधा पहिलाच मार्ग तेवढा उद्धृत करतात. ते न्यायाचे नाही. दुसरा मार्ग नीतीला धरून आहे आणि सामान्यतः तोच फायद्याचाही ठरतो, असे त्यांनी नोंदविले आहे. पण आमच्या मते खरा दोष याच ठिकाणी आहे. कायद्याचे राज्य पाळावे की न पाळावे हा सरकारच्या पसंतीचा प्रश्न झाला, दोन पर्याय एकाच तागडीत बसले, आणि न्यायाच्या बाजूने पडणारे वजन लोकांची निष्ठा टिकवण्याच्या सोयीचे ठरले. उद्या सोय बदलली तर? ज्या घरात सत्य बोलणे हा एक पर्याय म्हणून चर्चेला येतो, त्या घरात असत्याने उंबरठा आधीच ओलांडलेला असतो.

ग्रंथ छापखान्यात असतानाच लेखकाची नेमणूक झाली. १९७० च्या सप्टेंबरात किटसन ब्रिगेडियर म्हणून बेलफास्टला ३९ व्या ब्रिगेडचे प्रमुख झाले. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक अल्पसंख्याकांनी घरे, नोकऱ्या आणि समान मताधिकार यांसाठी नागरी हक्कांची चळवळ उभारली होती. मागण्या साध्या होत्या आणि मार्ग मोर्च्यांचा होता. बहुसंख्याकांच्या राजवटीने त्या मोर्च्यांवर लाठ्या चालविल्या, वस्त्यांवर हल्ले झाले, आणि १९६९ मध्ये लष्कर रस्त्यावर आले. आरंभी कॅथलिक वस्त्यांनी सैनिकांना चहा पाजला. पण लष्कर तेथे उभे राहिले ते लवकरच एका पक्षाचे म्हणून. आणि आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या नव्या शाखेला तरुणांची भरती मिळू लागली.

९ ऑगस्ट १९७१ रोजी विनाचौकशी स्थानबद्धता लागू झाली. पहिल्याच पहाटे ३४२ माणसे उचलण्यात आली, आणि ती जवळजवळ सारी एकाच समाजातील. पुढे डिसेंबर १९७५ पर्यंत १,९८१ जण स्थानबद्ध झाले. त्यांत निष्ठावंत प्रॉटेस्टंट केवळ १०७. चौदा जणांवर ‘पाच तंत्रे’ वापरण्यात आली: भिंतीला टेकून तासन् तास उभे करणे, डोक्यावर बुरखा घालणे, कानठळ्या बसविणारा आवाज, झोप न देणे आणि अन्नपाणी तोडणे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७८ मध्ये या वागणुकीला अमानुष व अपमानास्पद ठरविले, जरी ‘छळ’ हा शब्द वापरण्याचे त्याने टाळले. याच स्थानबद्धतेच्या पहिल्या तीन दिवसांत बेलफास्टच्या बॅलीमर्फी वस्तीत, किटसन यांच्या ब्रिगेडच्या हद्दीत, दहा नागरिक गोळ्यांनी मारले गेले. त्यांत एक धर्मगुरू होता आणि आठ मुलांची एक आई होती. मेलेले बंदूकधारी होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. ११ मे २०२१ रोजी न्यायमूर्ती कीगन यांनी मृत्यु-चौकशीचा निष्कर्ष वाचून दाखविला: दहाही जण पूर्णतः निर्दोष होते आणि त्यांपैकी नऊ जण लष्कराच्या गोळ्यांनी मेले होते. या निष्कर्षात किटसन यांना व्यक्तिशः दोषी धरलेले नाही. पण हद्दीच्या सेनानीला पन्नास वर्षांत कोणत्याही वरिष्ठाने या दहा प्रेतांचा हिशेब मागितल्याचे दिसत नाही.

केनियातील तोतया टोळ्यांची छाया बेलफास्टवरही पडली. १९७१ मध्ये साध्या कपड्यांतील सैनिकांचे एक गुप्त पथक तयार करण्यात आले. त्याचे सैनिक खुणा नसलेल्या मोटारींतून वस्त्यांत फिरत. फितविलेल्या माणसांचा उपयोग करण्यात येई. पुढे तर एक बनावट धोबीखाना चालविण्यात आला; घरोघरचे कपडे गोळा करावयाचे आणि त्यांवर दारूगोळ्याचे अंश सापडतात काय ते तपासावयाचे. गरिबांच्या घरची धुण्याची बोचकीही हेरगिरीच्या कामी आली! १९७३ मध्ये हे पथक मोडण्यात आले. २०१३ साली बीबीसीच्या कार्यक्रमात त्याच्या काही माजी सैनिकांनी, हाती शस्त्र दिसत नसलेल्यांवरही प्रसंगी गोळी झाडली गेल्याचे सांगितले.

गोळीबरोबर असत्यही चालत होते. ४ डिसेंबर १९७१ रोजी बेलफास्टमधील मॅकगर्क यांच्या मद्यगृहात बॉम्ब फुटून पंधरा कॅथलिक नागरिक मृत्युमुखी पडले. बॉम्ब निष्ठावंतांच्या अल्स्टर व्हॉलंटिअर फोर्सने ठेवला होता. परंतु अधिकाऱ्यांनी पसरविलेली वार्ता अशी की, आयरिश रिपब्लिकन आर्मीचा स्वतःचाच बॉम्ब चुकून फुटला. अर्थात मृतांनाच संशयित ठरविण्यात आले. पोलीस तपासात पूर्वग्रह होता, असा निष्कर्ष पोलीस लोकपालांनी काढला तो २०११ मध्ये. ज्यांचे आप्त मेले त्यांना चाळीस वर्षे केवळ शोक करावयाचा नव्हता, मृतांच्या निरपराधित्वाचे पुरावेही गोळा करावयाचे होते.

आणि मग ३० जानेवारी १९७२. डेरी शहरात स्थानबद्धतेच्या निषेधार्थ निघालेल्या मोर्च्यावर पॅराशूट रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीने गोळ्या झाडल्या. तेरा जण जागीच मेले, चौदावा काही महिन्यांनी. ही पलटण किटसन यांच्या ब्रिगेडची. त्या दिवसापुरती ती डेरीच्या ब्रिगेडला उसनी दिलेली होती. डेरीतील हुकूम किटसन यांचे नव्हते, हे नमूद केलेच पाहिजे. लॉर्ड विजरी यांनी काही आठवड्यांतच चौकशी आटोपून सैनिकांना बव्हंशी निर्दोष ठरविले. लॉर्ड सॅव्हिल यांची दुसरी चौकशी १९९८ मध्ये सुरू झाली आणि तिचा अहवाल १५ जून २०१० रोजी आला. मृतांपैकी कोणापासूनही सैनिकांना धोका नव्हता, असे त्यात सिद्ध झाले, आणि पंतप्रधान कॅमेरॉन यांनी पार्लमेंटात देशाच्या वतीने क्षमा मागितली. एका दुपारचे सत्य सांगावयास राज्यसंस्थेला अडतीस वर्षे आणि एकोणीस कोटी पौंडांहून अधिक खर्च लागला.

परंतु सन्मानाला विलंब लागला नाही. डेरीच्या हत्याकांडानंतर त्याच फेब्रुवारीत किटसन यांना उत्तर आयर्लंडमधील सेवेबद्दल सीबीई हा किताब मिळाला. एप्रिलमध्ये ते परतले ते पायदळ विद्यालयाचे प्रमुख म्हणून. मग एका डिव्हिजनचे सेनापतिपद, मग कॅम्बर्लीच्या स्टाफ कॉलेजचे प्रमुखपद, म्हणजे उद्याच्या सेनापतींना घडविण्याचे काम. १९८२ ते १९८५ या काळात ते ब्रिटनमधील संपूर्ण भूसेनेचे सरसेनापती होते, आणि अखेरीस राणीचे मानद परिसहायकही. शिक्षकपदे त्यांना दिली गेली, याला विशेष अर्थ आहे. ज्याचे आचरण अपवाद मानले जाते त्याला कोणी गुरू नेमीत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. समोर काय साधुसंत होते? २६ मार्च १९५३ च्या रात्री केनियातील लारी येथे माऊ माऊने सरकारनिष्ठ कुटुंबांना, बायकामुलांसह, जाळले आणि तोडले. २१ जुलै १९७२ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीने बेलफास्टमध्ये सव्वा तासाच्या आसपास वीसएक बॉम्ब उडवून नऊ माणसांचे बळी घेतले. या कृत्यांचे समर्थन आम्ही करणार नाही. क्रांतीच्या नावाने झालेली निरपराधांची हत्या ही हत्याच असते. नागरिकांचे प्राण वाचविणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी बळ वापरणे प्रसंगी अटळ ठरते, हेही आम्हांला मान्य आहे. परंतु सरकार आणि टोळी यांत फरक कोणता? सरकार कायद्याने बांधलेले असते, एवढाच. तो फरक पुसून टाकल्यावर सरकारपाशी उरते ती केवळ मोठी टोळी.

आणि निव्वळ उपयुक्ततेच्या कसोटीवर तरी ही नीती उतरली काय? स्थानबद्धतेने हिंसा शमली नाही. उलट भडकली, आणि १९७२ या एका वर्षात चारशेहून अधिक माणसे मेली. तो संघर्ष तीन दशके चालला, साडेतीन हजारांवर बळी घेऊन थांबला, आणि थांबला तो १० एप्रिल १९९८ च्या करारामुळे. त्या करारात सत्तेतील वाटा, समान हक्क आणि पोलीस यंत्रणेची फेररचना ठरली. म्हणजे जे मुद्दे १९६८ चे मोर्चे मांडीत होते, त्यांच्याकडेच तीस वर्षांनी परतावे लागले. केनियातही तेच घडले. जंगलातील टोळ्या संपल्या, पुढाऱ्यांना फासावर चढविले गेले, आणि १२ डिसेंबर १९६३ रोजी देश स्वतंत्र झालाच. सेनापतीला लढाई जिंकता येते. भूमिहीनाची भूक आणि दुय्यम नागरिकाचा अपमान त्याला जिंकता येत नाही.

किटसन यांच्या ग्रंथातील आणखी एका सूचनेचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. खुद्द ब्रिटनमध्ये राहणीमान घसरले आणि आज विखुरलेला असंतोष एका गाऱ्हाण्याभोवती एकवटला, तर पोलिसांना न पेलणारी परिस्थिती उद्भवेल आणि लष्कराला पुढे यावे लागेल, अशी शक्यता त्यांनी तेव्हाच वर्तविली होती. ज्या देशाने १६२८ च्या ‘पिटिशन ऑफ राइट’ने राजाला प्रजेवर लष्करी कायदा लादण्यास मनाई केली, त्याच देशातील अधिकारी आपल्या कामगारांकडे वसाहतीतील रयतेच्या नजरेने पाहू लागला होता. जे इंग्रज कामगार केनियाच्या वार्ता वाचून ‘तो दूरचा प्रश्न’ म्हणत असतील, त्यांच्यासाठी यात धडा होता. साम्राज्यात तयार झालेली हत्यारे साम्राज्याबरोबर मरत नाहीत. ती जहाजात बसून घरी येतात.

आज त्या काळच्या हिशेबाचे काय? २०१५ मध्ये, निष्ठावंतांच्या हल्ल्यात १९७३ साली मारल्या गेलेल्या एका बांधकाम-कामगाराच्या पत्नीने किटसन आणि संरक्षण खाते यांवर दिवाणी दावा लावला. किटसन तेव्हा ८८ वर्षांचे होते, आणि १९७३ मध्ये ते उत्तर आयर्लंडमध्ये नव्हते. दाव्याचा रोख त्यांनी आखलेल्या नीतीवर होता. २०२३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटाने कायदा करून जुन्या प्रकरणांतील नवे दिवाणी दावे आणि मृत्यु-चौकश्या यांची दारे बंद केली आणि सहकार्य करणाऱ्यांना खटल्यापासून संरक्षण देऊ केले. हे संरक्षण मानवी हक्कांच्या कराराशी विसंगत आहे, असे बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले. डेरीच्या हत्याकांडाबद्दल खटल्यापर्यंत पोहोचलेला एकमेव सैनिक पुराव्याअभावी ऑक्टोबर २०२५ मध्ये निर्दोष सुटला. सत्तरी ओलांडलेल्या एका शिपायाला तुरुंगात धाडून न्याय झाला असता, असे आम्ही म्हणत नाही. पण न्यायाची पावले शिपायापाशी अडखळतात आणि सेनापतीच्या फाटकापर्यंत पोहोचतच नाहीत, हे कोणत्याही प्रामाणिक माणसाच्या नजरेतून सुटणार नाही.

हे सारे वाचून आपण भारतीयांनी समाधानाचा सुस्कारा टाकावा, अशी स्थिती नाही. छत्तीसगडमध्ये आदिवासी तरुणांच्या हाती बंदुका देऊन त्यांना आपल्याच बांधवांविरुद्ध उभे केले गेले, तेव्हा ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाला ती पद्धत घटनाबाह्य ठरवावी लागली. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केलेल्या जनसुरक्षा विधेयकात, प्रस्थापित कायद्याची व त्याच्या संस्थांची अवज्ञा करण्याचा प्रचार हाही बेकायदा कृत्यांत गणला आहे. मिठाच्या मूठभर चिमटीने कायदा मोडणाऱ्याला राष्ट्रपिता म्हणणाऱ्या देशात ही व्याख्या संमत होते! किटसन यांचा ग्रंथ येथे कोणी वाचला असेल वा नसेल. सत्तेला तो वाचावा लागत नाही. विरोधाला शत्रुत्व समजण्याची बुद्धी तिला आपोआप सुचते.

म्हणून या सेनापतीच्या कारकिर्दीतून घ्यावयाचा बोध त्यांच्या निंदेचा नाही. संप, मोर्चा आणि सत्याग्रह यांना राजवटीचे शत्रू ठरविणारी व्याख्या कोणत्याही कायद्यात शिरू लागली की तिला पहिल्याच दिवशी विरोध केला पाहिजे. पन्नास वर्षांनी मिळणारी क्षमायाचना मेलेल्यांच्या उपयोगी पडत नाही. गणवेशाखाली नाव आणि नावापुढे उत्तरदायित्व असल्याखेरीज राज्याच्या कोणत्याही नोकराच्या हाती बंदूक असता कामा नये. आणि बढतीचा कागद निघण्यापूर्वी मेलेल्यांची यादी वाचली गेली पाहिजे. कायदा हे सरकारचे हत्यार नव्हे. तो सरकार आणि नागरिक या दोघांनाही बांधणारा शब्द आहे. तो शब्द सरकारने मोडला तर तो पाळण्याचा उपदेश नागरिकाला करण्याचा अधिकार सरकारला राहत नाही.